मॉडिफाय केलेली क्लासिक गाडी रस्त्यासाठी पास करून घेणे : आधी कागद की आधी पाना?

चौथागिअर

नमस्कार मंडळी. जुन्या गाड्यांच्या गप्पांमध्ये दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, "गाडी तयार झालीय, आता पास कशी करून घेऊ?" आणि मग प्रतिसादांचा पाऊस पडतो, त्यातले अर्धे एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय. विषय एवढाच की साठ-सत्तरच्या दशकातली गाडी आहे, तिला दुसरं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग असलं काही बसवलंय किंवा बसवायचंय, आणि ती उजळ माथ्याने रस्त्यावर चालवायचीय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शेवटी ज्याची सही लागणार आहे त्या माणसाला पहिला नट सोडायच्या आधी भेटा. देश कुठलाही असो. न्यूझीलंडमध्ये एलव्हीव्ही (लो व्हॉल्यूम व्हेइकल, म्हणजे बदल केलेल्या किंवा थोड्या संख्येत बनलेल्या गाड्या) सर्टिफायर असतो आणि गाडी पास झाली की त्याची छोटी पाटी गाडीलाच कायमची बसते, कुठकुठले बदल मंजूर आहेत ते त्यावरच लिहिलेलं. ऑस्ट्रेलियात राज्याने मान्यता दिलेला इंजिनिअर असतो आणि तो व्हीएसबी १४ नावाच्या राष्ट्रीय संहितेला धरून तपासतो. जर्मनीत टीयूव्ही, डेक्रा अशा संस्थांचे तज्ज्ञ. नावं वेगळी पण सगळीकडे एक माणूस आपल्या नावावर जबाबदारी घेतो की ही गाडी सुरक्षित आहे, आणि त्याने जे डोळ्याने बघितलंच नाही त्याची जबाबदारी तो का घेईल?

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. नवीन इंजिन बसवायला चेसिसमध्ये क्रॉसमेंबर (आडवा आधार) वेल्ड केला. मग हौशीने त्यावर ग्राइंडर फिरवला, गुळगुळीत केला, प्रायमर, रंग, वर अंडरकोट. दिसायला एकदम झकास. आता तपासणाऱ्याला त्यात काय दिसणार? वेल्ड आत किती उतरलाय, दोन्ही बाजूंनी आहे का, कडेला खाच पडलीय का, पत्रा किती जाडीचा वापरलाय, काहीच नाही. वर ग्राइंडरने वेल्डचं मांसच कमी केलेलं. मग तो सरळ सांगतो की खरवडून काढा, आणि त्याचं काही चुकत नाही. तोच माणूस आधी भेटला असता तर म्हणाला असता, वेल्ड जसा आहे तसाच ठेवा, बाजूला पट्टी धरून फोटो काढा, मला दाखवा आणि मग काय रंग मारायचा तो मारा.

तर या धाग्यावर अनुभव, शंका, नियम सगळं येऊ द्या.

घाटवाट

चांगला धागा दादा. पण मला वाटत होतं की सगळा घोळ इंजिनाचा असतो, सीसी वाढली की पास होत नाही वगैरे. बाकीच्या गोष्टी किरकोळ ना?

चौथागिअर

@घाटवाट, इंजिनाला मर्यादा आहेतच. ऑस्ट्रेलियाच्या संहितेत तर सरळ गणित आहे, मूळ गाडीचं वजन ११०० किलोच्या आत असेल तर टर्बो नसलेल्या इंजिनाला वजन गुणिले ३ इतके सीसी, ११०० किंवा त्याच्या वर असेल तर गुणिले ५. म्हणजे ९०० किलोच्या गाडीत २७०० सीसीपर्यंत. टर्बो असेल तर आकडा अजून खाली येतो. कॅलिफोर्नियात वेगळा मुद्दा, तिथे इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यापेक्षा नवीन हवं आणि त्या इंजिनाबरोबर आलेलं प्रदूषण नियंत्रणाचं सगळं सामान जागेवर हवं. १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना मात्र तिथे स्मॉग टेस्टच (धुराची तपासणी) नाही.

पण किरकोळ म्हणालात ना, तिथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. इंजिन मोठं झालं की खरा प्रश्न थांबायचा येतो. जुन्या गाडीत बहुतेक वेळा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलतो तो) सिंगल सर्किटचा असतो, एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला, पेडल थेट फ्लोअरला. म्हणून ड्युअल सर्किट, म्हणजे ऑइलचे दोन वेगळे मार्ग, करून घ्या, हे पहिलं. नंतर लोक पुढे डिस्क टाकतात आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवतात. कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन ड्रमच्या व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं, छोट्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर तेवढं ढकलू शकत नाही आणि पेडल खोल जातं. मग कोणीतरी सल्ला देतं की मोठ्या बोअरचा टाक. तो टाकला की पेडल दगडासारखं कडक, कारण बोअर वाढलं की पायाच्या तेवढ्याच जोराला दाब कमी मिळतो. पेडलचा लिव्हर रेशो (पायाचा जोर किती पटीने वाढतो ते), बोअर आणि कॅलिपर हे तिन्ही एकत्र बसवावे लागतात, नाहीतर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावावा लागतो.

अजून एक गोष्ट हमखास राहून जाते. बऱ्याच जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर पायाखाली, फ्लोअरच्या खालच्या अंगाला असतो आणि कॅलिपर त्याच्यापेक्षा उंचीवर येतात. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल हळूहळू मागे उतरतं आणि सकाळी पहिलं पेडल पोकळ जातं. त्यासाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, डिस्कला साधारण २ पीएसआयचा, ड्रमला १० पीएसआयचा. जुन्या ड्रमवाल्या मास्टर सिलिंडरमध्ये कित्येकदा हा १० वाला व्हॉल्व्ह आतच असतो, तो काढायचा राहिला आणि पुढे डिस्क लावल्या तर पॅड कायम घासत राहतात आणि चाक तापतं. तपासणारा थोडं चालवून आल्यावर हबला हात लावून बघतो ते याचसाठी.

आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत. झाली तर गाडी गिरकी घेते. पुढे हलकं इंजिन बसवलं किंवा मागे बॅटरी, टाकी असं वजन हलवलं की मूळ ब्रेकचा समतोल बिघडतो, मग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हने (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणाऱ्या) तो परत जुळवावा लागतो. म्हणून गाडी काट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं करून ठेवा, कामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. ते दोन कागद फाइलमध्ये असले की अर्धा वाद मिटतो.

जुनंलोखंड

मला एक मूलभूत प्रश्न पडतो. गाडी क्लासिक म्हणायची आणि तिच्यात आजचं इंजिन, आजची चाकं, आजच्या सीटा, मग क्लासिक काय उरलं? जर्मनीतला नियम मला म्हणूनच पटतो. तिथे गाडी किमान ३० वर्षांची झाली आणि मूळ स्वरूपात चांगली जपलेली असली की एच अक्षराची नंबर प्लेट मिळते, १९९७ पासून ही पद्धत आहे. बदल चालतात पण त्या काळात होत असत असेच. सत्तरच्या गाडीला सत्तरच्या दशकातले रुंद व्हील्स, त्या काळचा जोडीचा कार्बोरेटर, याला ना नाही. आजचं मोठं अलॉय व्हील लावलं की एच गेलं. वारसा म्हणून सवलत मागायची तर वारसा जपायला पण हवा ना.

चौथागिअर

@जुनंलोखंड, तुमचा मुद्दा मान्य आहे आणि एच प्लेटबद्दल बरोबर आहे. फक्त एक फरक करू. सवलत मिळवणे आणि रस्त्यावर सुरक्षित म्हणून पास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीतसुद्धा एच न मिळालेली मॉडिफाय गाडी स्वतंत्र तपासणी करून साध्या नंबरवर चालवता येते. आणि ड्युअल सर्किट ब्रेक, सीट बेल्ट, नीट दिसणारे इंडिकेटर यांच्यामुळे गाडीचा वारसा कमी होतो असं मला वाटत नाही. आजच्या ट्रॅफिकमध्ये पुढची गाडी एबीएसवर थांबते आणि आपण मागून चार ड्रमवर येत असतो.

जुनंलोखंड

ब्रेकचं ठीक आहे, त्यात वाद नाही. माझा विरोध मूळ इंजिन काढून भंगारात घालण्याला आहे. निदान काढलेलं इंजिन, गिअरबॉक्स जपून ठेवा आणि चेसिस कापू नका, म्हणजे पुढच्या मालकाला गाडी परत मूळ रूपात आणता येईल.

चौथागिअर

याला माझा पूर्ण पाठिंबा. बोल्टने बसणारे माउंट बनवले तर चेसिस कापावीच लागत नाही, आणि सर्टिफायरलाही तेच आवडतं.

सावली

भारतातल्यांसाठी मी लिहिते, कारण वरचं वाचून कोणी उत्साहात इंजिन काढायला घेईल आणि मग अडकेल.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. त्यात म्हटलंय की आरसीमधला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण याचा कडक अर्थ लावला. परदेशात असतो तसा "मान्यताप्राप्त इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि काहीही बसवा" हा मार्ग इथे नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी कलमातच सोय आहे, पण मान्यता असलेलं किट हवं. आणि बदल केला की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. गाडीवर हायर पर्चेस असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती सुद्धा लागते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा, कारण इंजिन, चाकं, छत असे तीन बदल असतील तर ते तीन धरले जातात.

आता खूप जुन्या गाड्या. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी परत करायची तेव्हा ५००० रुपये. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. पण त्यात दोन अटी आहेत ज्या लोक वाचतच नाहीत. एक म्हणजे चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. दुसरी म्हणजे अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे पन्नाशीच्या गाडीत तुम्ही आधुनिक इंजिन बसवलंत तर व्हीए पण हातचं जाईल आणि साध्या आरसीवर पण ते इंजिन चढणार नाही. दोन्हीकडून गेलं. म्हणून जुनंलोखंड यांचं म्हणणं भारतापुरतं तरी शंभर टक्के खरं आहे, मूळ ठेवा.

घाटवाट

सावलीताई, खूप उपयोगी माहिती. मग आरसीवर जुन्या गाडीचा रंग वेगळा असेल, इंजिन नंबर जुळत नसेल तर?

सावली

रंग बदलला असेल तर त्याची आरसीवर नोंद करून घ्या, ते त्यातल्या त्यात सोपं. इंजिन नंबर जुळत नसेल तर गाडी विकत घ्यायच्या आधीच थांबा. आधीच्या मालकाकडे परवानगीचा कागद, इंजिन कुठून घेतलं त्याचं बिल, यातलं काहीही नसेल तर तो तिढा तुमच्या गळ्यात येतो. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते आणि मग दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, त्या वेळी गाडी समोर उभी करायची असते आणि चेसिस नंबर, इंजिन नंबर तपासला जातो. तेव्हा सगळं बाहेर येतंच.

पत्र्याचीपेटी

चेसिस नंबरवरून आठवलं, हे सगळ्यांनी वाचा. माझ्या मामांची गाडी एका गॅरेजला गंज काढायला दिली होती. फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचा) कोपरा सडला होता म्हणून त्यांनी तो पत्रा कापून नवीन बसवला, काम खरंच सुबक केलं. पण चेसिस नंबर त्याच पत्र्यावर ठोकलेला होता आणि कापलेला तुकडा कचऱ्यात गेला. मामांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता गाडी कागदावर एक आणि प्रत्यक्षात बिननंबरी. कुठेही गेलं की पहिला संशय चोरीचा येतो. खूप वाईट वाटतं बघताना, त्या माणसाने आयुष्यभर एकच गाडी जपली.

चौथागिअर

@पत्र्याचीपेटी, वाचून वाईट वाटलं. हे बघा, मूळ कागद, जुन्या विम्याच्या पॉलिसी, आधीचे फोटो ज्यात नंबर दिसतो, गॅरेजचं बिल, जे मिळेल ते सगळं गोळा करा आणि नोंदणी अधिकाऱ्याकडे स्वतःहून लेखी अर्ज करा. स्वतः नंबर ठोकून घेऊ नका, कोणी कितीही सुचवलं तरी. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे.

बाकीच्यांसाठी, काम सुरू करण्याआधी गाडीवर नंबर कुठे कुठे आहे ते शोधा, पेन्सिलने घासून छाप घ्या, फोटो काढा आणि कामगाराला खडूने खूण करून दाखवा की इथे कटर लावायचा नाही.

ब्रिटनमध्ये ओळखीचा हा प्रश्न गुणांवर सोडवत आले. मूळ चेसिस किंवा मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेल्या) बॉडीला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. किमान ८ गुण असले तर जुना नंबर राहायचा, नाहीतर गाडीची वेगळी चाचणी आणि क्यू अक्षराची प्लेट. इंजिनाला सगळ्यात कमी गुण होते बघा. २६ ऑगस्ट २०२५ पासून तिथे नियम सैल केलेत, मोठे बदल किंवा इलेक्ट्रिक रूपांतर केलेल्या गाडीलाही जुना नंबर ठेवता येतो पण कळवावं लागतं. आणि तिथे ४० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटी (सुरक्षा तपासणी) माफ असते, मात्र गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसेल तरच.

निळीमोटार

इलेक्ट्रिकचा विषय निघालाच आहे तर विचारते. जुन्या छोट्या गाडीत मोटर आणि बॅटरी बसवायचा विचार आहे. तपासणीत काय बघतात? मला इंजिनातलं फारसं कळत नाही पण इलेक्ट्रिकल माझं क्षेत्र आहे.

चौथागिअर

@निळीमोटार, मग तुम्हाला जमेल, पण मेकॅनिकल बाजूला एखादा जाणकार सोबत घ्या. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम १०० बऱ्याच देशांत मानतात. त्यात इन्सुलेशन रेझिस्टन्स बघतात, डीसी सर्किटला कमीत कमी १०० ओहम प्रति व्होल्ट. म्हणजे ३०० व्होल्टच्या पॅकला किमान ३० किलोओहम, आणि ते सर्किट आणि बॉडी यांच्यामध्ये मोजायचं. हाय व्होल्टेजच्या केबलला नारिंगी रंग, हाताने तोडता येणारा डिस्कनेक्ट आणि धडक झाली की सर्किट आपोआप तोडणारा स्विच, हे सर्टिफायर हमखास विचारतात. भारतात असाल तर एआयएस १२३ या वाहन मानकाखाली मान्यता असलेलंच किट घ्या, सावलीताईंनी लिहिलंय ते लागू होतंच.

पण खरी मेख वजनात असते. डिकीत बॅटरी भरली की मागच्या ॲक्सलवर त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त भार येतो आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल वाटतं. बॅटरी दोन भागांत विभागा, थोडी पुढे इंजिनाच्या जागी. बॉक्स बॉडीच्या पत्र्याला नुसता स्क्रूने लावू नका, खाली स्टीलची प्लेट देऊन बोल्टने बसवा. आणि बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालत असेल तर इंजिन गेल्यावर व्हॅक्यूम पंप लागेल, हे विसरलं की पहिल्याच उतारावर कळतं.

घाटवाट

दादा, सीट बेल्टचं पण सांगा की. माझ्याकडच्या गाडीत बेल्टच नाहीत आणि बॉडीला बोल्टची जागाही नाही.

चौथागिअर

ज्या गाडीला मुळात बेल्ट नव्हते तिला कायद्याने लागतातच असं सगळीकडे नाही, पण बसवणार असाल तर नीट बसवा. बेल्टचा बोल्ट शक्यतो ७/१६ इंच यूएनएफ असतो, इंचाला २० आट्यांचा. नुसत्या पत्र्याला भोक पाडून वॉशर लावून चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १४ मध्ये तीन पॉइंटच्या बेल्टच्या अँकरेजला खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यावर प्रत्येकी १३,५०० न्यूटनच्या आसपास ओढ देऊन तपासतात, ती ओढ पत्रा सहन करत नाही, चिरून बाहेर येतो. मागून जाड प्लेट द्या, कोपरे गोल केलेली, आणि ती खांबाला किंवा सिलला (दाराखालच्या पट्टीला) जोडलेली असू द्या. खांद्याची जागा बसणाऱ्याच्या खांद्याच्या फार खाली आली तर धडकेत बेल्ट पाठीचा कणा खाली दाबतो. गाडीला बी पिलर (पुढच्या दारामागचा खांब) नसेल, हार्डटॉप किंवा उघडी गाडी असेल, तर यावर आधी सर्टिफायरशी बोला, काही वेळा तो स्वतःच म्हणतो की फक्त कमरेचा पट्टा लावा.

घाटवाट

समजलं. खांबाच्या आत प्लेट सरकवायला जागा आहे का ते या रविवारी अस्तर काढून बघतो आणि फोटो इथेच टाकतो. भोक पाडायची घाई करत नाही.

चौथागिअर

टाका टाका. फोटोत टेप धरा म्हणजे मापाचा अंदाज येईल, आणि सिलचा आतला भाग पण येऊ द्या, तिथे गंज असेल तर प्लेटच्या आधी त्याचं काम निघेल.